रानातला मुक्काम आणि घरातली लेकरे

गेल्या हिवाळ्यात माझा चुलतभाऊ पुण्याहून सहकुटुंब गावी आला. दादा तेथे कारखान्यात नोकरीला आहे. सोबत वहिनी आणि दोन मुले. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. ताडोब्याच्या जंगलालगत तंबूत दोन रात्री राहायचे आणि मुलांना वाघ दाखवायचा, असा त्यांचा बेत होता. मलाही त्यांनी सोबत घेतले. आमची आजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बेत ऐकून ती म्हणाली, "पैसे देऊन रानात झोपाले जाता का रे बाबू? आमी तं रानातून सुखरूप घरी याव म्हून देवाले हात जोडत होतो."

सगळे हसले. पण आजीचे वाक्य माझ्या मनातून जाईना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजीला अक्षरओळखही नाही. तरीही लहान मुलांना घेऊन रानात कसे वावरावे, याचे ज्ञान तिच्यापाशी भरपूर आहे. निघण्यापूर्वी तिने आम्हाला काही गोष्टी बजावल्या. तेथे गेल्यावर गाईडने जवळजवळ त्याच गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टी आणि त्यांमागची कारणे वाचकांपुढे मांडावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ताडोब्याविषयी थोडेसे. १९५५ साली घोषित झालेले हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. नावाची कथा अशी सांगतात की, तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला. लोकांनी त्याला देव मानले आणि तळ्याकाठी झाडाखाली त्याचे ठाणे झाले. पौष महिन्यात तेथे यात्रेची परंपरा आहे. म्हणजे ज्या जंगलात आपण वाघ पाहायला जातो, त्याचे नावच वाघाशी लढताना गेलेल्या माणसाचे आहे!

जंगलाचे दोन भाग मानतात. आतला तो गाभा आणि त्याभोवतीचा बफर. गाभ्यात आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. ठरलेल्या वेळी जिप्सीतून जायचे आणि वेळेत बाहेर यायचे. मुक्कामाची सोय मोहर्ली, कोलारा अशा कडेच्या गावांजवळ असते. परंतु बफर म्हणजे काही कुंपण नव्हे. वाघाला ही रेघ ठाऊक नसते. म्हणून तंबूच्या आवारातही नियम पाळावेच लागतात.

पहिला नियम मुलांच्या उंचीवरून आलेला आहे. वाघ-बिबट्या सहसा पाठीमागून हल्ला करतो. उभा माणूस त्याच्या नेहमीच्या भक्ष्यासारखा दिसत नाही. पण वाकलेला किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल चितळा-डुकराएवढेच उंच भरते. बंगालच्या सुंदरबनात १९८६ च्या सुमारास लाकूडतोडे आणि मध गोळा करणारे डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधू लागले, ते याचसाठी. आमच्यासाठी नियम सोपा होता : चालताना पुढे एक मोठा, मागे एक मोठा, मुले मध्ये.

दुसरा नियम वेळेचा. दिवस मावळताना आणि उजाडताना श्वापदे फिरतीवर असतात. त्या वेळी मुलांनी अंगणातही एकटे खेळू नये. रात्री लघवीला उठले तर मोठ्या माणसाने बॅटरी घेऊन, बोलत बोलत सोबत जावे. आवाज ऐकून जनावर बहुधा आपणहून बाजूला होते. अचानक समोरासमोर गाठ पडणे, हेच खरे धोक्याचे.

तिसरा नियम खाण्याचा. मुलांच्या हातून बिस्किटे, शेंगदाणे सांडतातच. उष्ट्या-खरकट्यावर रानडुकरे आणि कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. अमेरिकेतील योसेमिटी उद्यानात अस्वले येऊ नयेत म्हणून मुक्कामाच्या जागी अन्न लोखंडी पेट्यांत बंद करावे लागते. देश वेगळा, कारण एकच.

चौथा नियम बिछान्याचा. आजीने सर्वांत जास्त हाच घोकून घेतला. मण्यार हा साप रात्री फिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे झोपेतल्या मुलाला कळतही नाही. पुढे पोट दुखते, पापण्या जड होतात. म्हणून जमिनीवर न निजता खाटेवर निजावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी आणि सकाळी बूट झटकून घालावेत. संशय जरी आला तरी झाडपाल्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाचवा ऋतूचा. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याचा संभव अधिक, म्हणून गर्दीही तेव्हाच होते. पण आपल्या चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे आपणास सांगायला नको. लहान मुलांना उघड्या जिप्सीत बसवायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

एवढे सांभाळले की मुलांना आनंद पुष्कळ मिळतो. वाघ दिसेलच असे नाही. मात्र झाडावरून वानर आणि खालून चितळ इशारा देतात, तो ऐकायला मुले पटकन शिकतात. पांढऱ्या सालीचे 'भुताचे झाड', मगरीच्या पाठीसारखी साल असलेला ऐन, तळ्यातली खरी मगर, हे सारे आमच्या दोघांनी डोळे विस्फारून पाहिले.

मुलांना घेऊन रानात राहणे आपल्या वरोऱ्याला नवीन नाही. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. त्यानंतर बाबा आमटे आणि साधनाताई विकास व प्रकाश या आपल्या चिमुकल्यांसह जेथे राहायला गेले, ती आजच्या आनंदवनाची जागा तेव्हा खडकाळ, झुडपांनी भरलेली, विंचूसापांची होती. त्यांनी तो मुक्काम सेवेसाठी पत्करला. आमच्यासारख्या अनेक घरांनी तो पोटासाठी पत्करला आहे.

दुसऱ्या रात्री धाकटी उठली. वहिनी तिला घेऊन बाहेर आल्या, मीही उठले. वाटेवर दिवे होते, चौकीदार बॅटरी घेऊन पुढे चालत होता. त्याच वेळी माझे बाबा शेतात जागलीला असतील, हे मला आठवले. रोही आणि रानडुकरे हरभरा खातात म्हणून थंडीत ते मचाणावर बसतात. सोबत एक बॅटरी आणि वाजवायला डबा. माझी आई मार्चमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जाते, जेव्हा अस्वलेही त्याच फुलांसाठी आलेली असतात. मे महिन्यात ती तेंदूपाने तोडते. लहानपणी मला घरी सांभाळायला कोणी नसले की ती सोबत नेई. मला सावलीत धडप्यावर बसवी आणि पाने तोडता तोडता सारखी हाक मारी. मी ओ द्यायची. तो खेळ आहे, असे मला वाटे.

तो खेळ नव्हता. फुले आणि पाने वाकूनच गोळा करावी लागतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिसरात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा असाच अंत झाला. नियम या बायांनाही ठाऊक होते. परंतु ज्यांचे कामच रानात आहे, त्यांना नियम पूर्णपणे पाळता येत नाहीत.

यावर उपाय होत आहेत. २०१५ पासून राज्याच्या जन-वन विकास योजनेतून व्याघ्रप्रकल्पालगतच्या गावांना गॅसजोडणी व शौचालये मिळू लागली. त्यामागे हाच विचार आहे : सरपणासाठी आणि पहाटे बाहेर जाण्यासाठी रानात जावे लागू नये. जिप्सी चालवणारे, गाईड म्हणून काम करणारे तरुणही याच गावांतले आहेत. वाघ जगला तर त्यांचे घर चालते, हे खरे. पण त्याच घरातली आई उद्या पानांना जाणारच आहे, हेही तितकेच खरे.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्यापैकी कोणी भाचरांना घेऊन ताडोब्याला गेलात तर वाघाबरोबर ही गोष्टही त्यांना सांगा. गाईडला त्याच्या गावाविषयी, घरच्यांविषयी विचारा. आपण दोन रात्री जे नियम पाळतो, ते कोणीतरी जन्मभर पाळत आहे, हे मुलांना लहानपणीच कळावे.

परत आल्यावर थोरला आजीजवळ रडवेला होऊन म्हणाला, "आजी, वाघ दिसलाच नाही." आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "बरं झालं बाबू. त्यानं तुले पाह्यलं असन, आन् जाऊ देल्लं."