मागांच्या थरथरीत हृदयाचे ठोके
घरातला दवाखाना : भाग ५

मागच्या भागात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पाहिला. आज भिवंडीत जाऊ. इथे कित्येक घरांची आणि कारखान्यांची भिंत एकच असते. माग सुरू झाले की मांडणीवरच्या तांब्यातलं पाणी थरथरतं. अशा घरात, उभा जन्म मागावर काढलेल्या आजोबांसाठी मुलगा बीपीचं यंत्र आणतो. त्या थरथरीत ते बरोबर मोजेल का?

दंडावर पट्टा बांधायचं हे यंत्र डॉक्टरांसारखं स्टेथोस्कोपने ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटत असताना धमनीच्या ठोक्यागणिक त्या हवेत बारीक हेलकावा उठतो. यंत्र ते हेलकावे टिपतं आणि त्यांच्या चढउतारावरून वरचा-खालचा आकडा काढतं. हात हलला किंवा बसायची खुर्चीच थरथरत असली, तर त्यात भलतेच हेलकावे मिसळतात.

गादीखालच्या सेन्सरचं काम याहून नाजूक. हृदय रक्त फेकतं तेव्हा अख्ख्या शरीराला सूक्ष्म हिसका बसतो. तो मोजायची खटपट अमेरिकेत आयझॅक स्टार यांनी १९३०च्या दशकातच केली होती. आज बंगळुरूच्या ‘डोझी’चा सेन्सर गादीखालून असेच हिसके टिपतो. पण साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा मारला जातो, आणि हृदयाची लयही त्याच्या जवळपासची. यंत्र गोंगाट गाळतं खरं, पण दोन्ही लयी इतक्या जवळ आल्या की कोणता ठोका कुणाचा, हे ओळखणं त्यालाही जड जाणार. कारखान्याला खेटून असलेल्या घरात या सेन्सरवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बीपीचं यंत्र मात्र जरूर घ्या, सेलवर चालणारं. पाळी बदलताना किंवा वीज गेल्यावर माग थांबतात, ती वेळ साधा. ते जमत नसेल तर सामाईक भिंतीपासून दूरच्या खोलीत बसा. सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. दंड छातीच्या पातळीला, बोलणं बंद, आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. संध्याकाळीही तसंच. सात दिवसांचे आकडे वहीत उतरवा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने वाढवायची नाही आणि सोडायची तर मुळीच नाही. मागाच्या आवाजाने कान गेलेल्यांना यंत्राची बीप ऐकू येत नाही, म्हणून मोठ्या आकड्यांचं यंत्र निवडा.

ज्यांचं हृदय कमजोर झाल्याचं निदान झालंय, त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती साध्या वजनकाट्याला. हृदयाचा जोर कमी पडला की अंगात पाणी साठतं, आणि पाय सुजण्याआधीच ते काट्यावर दिसू शकतं. काटा कडक लादीवर ठेवायचा, रोज सकाळी त्याच वेळी, तशाच कपड्यांत उभं राहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.

छातीत दाटून आलं, घाम फुटला, तर यंत्र शोधत बसू नका. आकडे चांगले दिसत असतानाही हृदयविकाराचा झटका आलेला असू शकतो. थेट १०८ला फोन करा.

पुढच्या आठवड्यात : मनगटी घड्याळातला ईसीजी.