खोलीभाड्याची मेख

आरोग्य विमा निवडताना सगळे हप्ता पाहतात. मी आधी खोलीभाड्याची मर्यादा पाहतो. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांचे खोल्यांचे दर पाहता तीच जास्त बोचते. समजा, विमा 5 लाखांचा आणि मर्यादा 1 टक्का, म्हणजे रोज 5,000 रुपये. तुम्ही 8,000 ची खोली घेतलीत, तर भुर्दंड वरच्या 3,000 पुरताच नसतो. खोलीच्या दर्जानुसार बिल आकारणाऱ्या रुग्णालयात सर्जन, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. हा खर्च 1,60,000 झाला, तर कंपनी 1,00,000 देणार. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना मात्र ही कात्री लावता येत नाही.

खोलीभाड्याखेरीज आणखी दोन अटी तपासा. को-पे म्हणजे प्रत्येक दाव्यात तुमचा ठरलेला टक्का. डिडक्टिबल म्हणजे आधी तुम्ही भरायची ठरावीक रक्कम. स्वस्त पॉलिसीच्या पोटात बहुधा यांपैकी काहीतरी दडलेले असते.

मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार असतील तर प्रतीक्षा काळ लागतो, म्हणजे तोवर त्या आजारांचा खर्च मिळत नाही. एप्रिल 2024 पासून तो जास्तीत जास्त 36 महिनेच ठेवता येतो. आजार लपवू नका. दावा तिथेच अडतो.

पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत परत करता येते, तेव्हा ती मुदत संपण्याआधी वाचाच. पुढे दाव्यावरून वाद झाला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.