घुमते ती खोली

नाचण्याला किंवा कुवारबावला नवा फ्लॅट घेतला की रत्नागिरीकराची हौस ठरलेल्या क्रमाने वाढते. आधी मोठा टीव्ही, मग रिसीव्हर, मग टीव्हीच्या दोन बाजूंना दोन उभे स्पीकर. पहिल्याच सिनेमाला कुरकुर सुरू होते. धमाका झाला की तो विरायचं नावच घेत नाही. नायक बोलतो तेव्हा रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. दुकानदाराकडे उत्तर तयार असतं : याच्या वरचं मॉडेल घ्या. अजिबात घेऊ नका. स्पीकर बहुधा ठीकच आहेत. त्यांच्या नावावर जो आवाज ऐकू येतो, त्यातला खर्जाचा बराचसा भाग खोली काढते आहे.

विश्वास बसत नसेल तर फुकटात पडताळून बघा. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या आणि फोन रिसीव्हरला जोडा. १० बाय १२ फुटांची खोली धरू. स्पीकर एका आखूड भिंतीशी, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. आपल्याकडे बहुतेक घरांत हीच मांडणी असते. आवाज बेताचा ठेवून ९५ हर्ट्झचा एकच सूर लावा. सोफ्यामागच्या भिंतीशी उभे राहा : भरदार घुमारा, कपाटाची काच थरथरते आहे. आता स्पीकरच्या दिशेने साधारण ३ फूट पुढे या. सूर बारीक होत होत जवळजवळ नाहीसा होतो. आणखी ३ फूट चाला, खोलीच्या मध्यावर तो पुन्हा छाती भरून परततो. स्पीकर तोच, व्हॉल्यूम तोच, विजेचं बिल तेच. कान तेवढे सरकले. मी हा प्रयोग ज्यांना दाखवतो ते आधी स्पीकरकडे संशयाने बघतात आणि मग मुकाट्याने पुन्हा चालून बघतात.

हिशेब सोपा आहे. रत्नागिरीच्या २८ अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४८ मीटर, म्हणजे ११४२ फूट जातो. खोलीच्या लांबीच्या दुपटीने त्याला भागायचं. १२ फुटांची दुप्पट २४. ११४२ भागिले २४, म्हणजे जेमतेम ४८ हर्ट्झ. हा त्या खोलीचा स्वतःचा सूर. भिंतीवर आपटून परतलेली लाट नव्याने येणाऱ्या लाटेत अशी चपखल बसते की दोघी मिळून जागच्या जागी उभ्या राहतात : काही ठिकाणी जोर, काही ठिकाणी शून्य. ४८ ची दुप्पट साधारण ९५, तिप्पट १४३, तिथेही तेच. रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असतील तर दोघींचा सूर ५७ वरच पडतो, आणि एकाच जागी दोन घुमारे गोळा होतात. एसी लावून खोली २२ अंशांवर आणली की ध्वनी किंचित मंदावतो आणि खोलीचा सूर अर्ध्या हर्ट्झने उतरतो. कानाला कळणार नाही, पण खोली हे एक वाद्य आहे आणि ते हवामानाप्रमाणे उतरतं-चढतं, हे मला तरी भारी वाटतं.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे ९५ आणि १४३ नेमके संवादांच्या वाटेत येतात. नायकाच्या घशातला रांजण तो हाच.

नाट्यगृहात असं का होत नाही? १०० फूट लांब सभागृहाचा पहिला सूर ६ हर्ट्झच्याही खाली जातो. माणसाचा कान सुरू होतो २० ला. वरचे सूर इतके दाटीने येतात की कुठलाच एकटा उठून दिसत नाही. घरातल्या छोट्या खोलीत मात्र ते सुटे सुटे उभे असतात. जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी १९५४ मध्ये ही सीमा मांडली : एका ठरावीक कंपनसंख्येच्या खाली खोलीचं राज्य, वर स्पीकरचं. आपल्या १० बाय १२ च्या खोलीत, गिलावा केलेल्या भिंती आणि गुळगुळीत फरशी धरली तर, ही सीमा २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास येते.

आता यावरचा उपाय : इक्वलायझर, म्हणजे हवे ते सूर कमी-जास्त करणारी यंत्रणा. त्याचा जन्म टेलिफोनच्या तारांसाठी झाला. लांबच्या तारेत उंच सूर जास्त झिजायचे, ते भरून काढायला. जुन्या टेपरेकॉर्डरवरचे बास आणि ट्रेबल हे त्याचे भोळे भाऊबंद. त्यांनी ९५ चा घुमारा कमी करायला गेलात तर ५० पासून २०० पर्यंत सगळंच खाली बसतं. नेमकं बोट ठेवणारं साधन आलं ते जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पॅरामेट्रिक इक्वलायझरमुळे. त्यात तीन गोष्टी सांगायच्या : कुठे, किती, आणि किती रुंदीत. ९५ हर्ट्झवर, ७ डेसिबल कमी, अरुंद. झालं.

आणि हे करायला संगणक काय करतो? सिनेमाचा आवाज म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी सेकंदाला ४८,००० आकडे. प्रत्येक आकडा आला की एक फिल्टर तो आकडा, त्याआधी आलेले दोन आणि स्वतः नुकतेच बाहेर सोडलेले दोन असे पाच आकडे घेतो, प्रत्येकाला एकेका ठरलेल्या संख्येने गुणतो आणि बेरीज करतो. बस, एवढंच. पाच गुणाकारांत काँक्रीटच्या खोलीचा घुमारा उतरतो! अडगळीत पडलेला लॅपटॉपसुद्धा असे कितीतरी फिल्टर चालवतो.

म्हणून खर्च कमी. एक पथ्य मात्र पाळा. इक्वलायझर ॲम्प्लिफायरच्या आधी बसतो, स्पीकरच्या वायरीत तो जोडता येत नाही. स्वस्त रिसीव्हरला समोरच्या स्पीकरसाठी प्री-आउट, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीचा आवाज बाहेर काढायच्या जोडण्या, नसतात, त्यामुळे बाहेरचा डबा मध्ये घालायला वाटच उरत नाही. सोपी वाट म्हणजे सिनेमा जुन्या विंडोज लॅपटॉपवरून एचडीएमआयने चालवायचा आणि त्यात इक्वलायझर एपीओ हे फुकट सॉफ्टवेअर टाकायचं. प्लेअरमधलं पासथ्रू बंद करा, नाहीतर आवाज फिल्टरला न शिवता थेट रिसीव्हरकडे जाईल. मोजणीसाठी रूम ईक्यू विझार्ड, तेही फुकट. ते खालपासून वरपर्यंत एक सरकता सूर वाजवतं आणि खोलीचा आलेख काढून देतं. खर्च करायचाच तर मोजणीच्या यूएसबी माइकवर करा, किंवा दोघा-तिघा मित्रांत एक घ्या. फोनच्या माइकवर अगदी खालच्या खर्जात भरवसा नको.

आलेखात डोंगर दिसतील आणि दऱ्याही दिसतील. डोंगर छाटा, दऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. दरी म्हणजे दोन लाटांनी एकमेकींना पुसलेलं असतं. तिथे जितका जोर लावाल तितकाच पुसला जातो. शिवाय ६ डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरकडे चौपट शक्ती मागायची, १० डेसिबलला दहापट. स्पीकर असेच जळतात. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर असेल तर ९५ च्या आसपास अशी दरी पडू शकते. तिथे सॉफ्टवेअर हात टेकतं, स्पीकरच सरकवावा लागतो. तसाच सोफाही भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या. घरच्यांची नाराजी होईल, पण निम्मा घुमारा तिथेच कमी झाल्याचं जाणवेल. फिल्टर त्यानंतर.

समोरच्या दोन्ही स्पीकरांना मिळून चार-पाच फिल्टर पुरे, आणि तेही ३०० हर्ट्झच्या खाली. त्याच्या वर आलेख कितीही वाकडा दिसला तरी स्पीकर बनवणाऱ्यावर विश्वास ठेवा. मोजणी पाऊस नसताना करा, पत्र्यावर सरी कोसळत असताना आलेखात फक्त पत्राच दिसतो. आणि फिल्टरचे आकडे कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा. आपल्याकडे लाइट जायचीच, आणि जुना लॅपटॉप कधी ना कधी उठायला नकार देणारच.