छापील कागदाचा समास : दोष व उपाय

गोवा, दमण व दीव राजभाषा कायदा, १९८७ अन्वये कोकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही मान्यता मिळाली. पेडणे व डिचोली तालुक्यांत मराठी लिहिणारा-वाचणारा वर्ग मोठा आहे. पंचायतीस द्यावयाचा अर्ज असो वा शाळेचा अहवाल, त्याची अक्षरजुळणी आता बहुधा संगणकावर होते. परंतु पडद्यावर नीटनेटका दिसणारा मजकूर कागदावर उतरताना कधी एका बाजूस सरकतो, कधी कडेची अक्षरे तुटतात. तर कधी नस्तीस लावण्यासाठी भोके पाडताच सर्व्हे क्रमांकातील आकडाच नाहीसा होतो. जमिनीच्या अर्जात एका आकड्याचे मोल किती असते, हे सांगावयास नको.

अशा वेळी समासाचे आकडे पुनःपुन्हा बदलण्याचा मोह होतो. वस्तुतः दोष बहुधा कागदाच्या मापात असतो. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा, लेटर २१६ × २७९ चा, तर लीगल २१६ × ३५६ मिलिमीटरचा असतो. लेटर मापावर जुळविलेला मजकूर ए-४ वर जसाच्या तसा छापल्यास उजवा समास ६ मिलिमीटरने घटतो. लीगल मापाचा मजकूर ‘पानात बसवा’ ही सूचना देऊन ए-४ वर छापला, तर १२ पॉइंटचे अक्षर १० पॉइंटचे होते आणि समासही बदलतात.

याची परीक्षा सोपी आहे. पानावर १० सेंटिमीटरची रेघ आखून ते छापावे व पट्टीने मोजावे. रेघ आखूड भरल्यास छपाईत आकार घटविला जात आहे, असे समजावे. मग मजकूर, छपाईयंत्र व प्रत्यक्ष कागद या तिन्ही ठिकाणी एकच माप ठेवावे आणि छपाई १०० टक्के आकारात करावी. समासाचे आकडे त्यानंतरच तपासावेत.

गणिताच्या प्रश्नपत्रिकांसाठी लाटेक प्रणाली वापरणाऱ्या शिक्षकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कागदाचे माप सांगितले नाही, तर तिचे नेहमीचे साचे लेटर माप गृहीत धरतात. तसेच तिच्या मूळ रचनेत डावे व वरचे अंतर कडेपासून एक इंच आत मोजण्यास आरंभ होतो. म्हणून तेथे शून्य लिहिले तरी २.५४ सेंटिमीटर जागा सुटतेच.

पाठपोट छपाईत बांधणीची बाजू विषम पानावर डावीकडे, तर सम पानावर उजवीकडे येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली न्यायालयीन कागदपत्रांसाठी ए-४ कागद व पाठपोट छपाई ठरविताना दोन्ही बाजूंस ४ आणि वर-खाली २ सेंटिमीटर समास नेमून दिला. त्यामुळे पान कोणत्याही बाजूने ओवले तरी मजकूर सुरक्षित राहतो.

यास्तव अनेक प्रती काढण्यापूर्वी एक प्रत छापून, मोजून व नस्तीस लावून पाहावी. समास ही वाया गेलेली जागा नव्हे; मजकुराचे ते कुंपण आहे.