नदीतले जिवाणू नेमके कुणाचे? भूवापराचा अभ्यास सुरू करण्याआधी

मी राहतो त्या प्रताप नगरपासून अंबाझरी तलाव फार लांब नाही. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून येणारी नाग नदी या तलावातून पुढे शहरात शिरते, सांडपाणी पोटात घेते आणि कन्हानला जाऊन मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि तेच पाणी गोसीखुर्द धरणात पोहोचतं. वाटेत शेतं, गोठे, गावं आहेतच. आता या पाण्यातले जिवाणू शहराचे की गावाचे? हा प्रश्न नुसता थिसिसचा नाही. खापर गोठ्यांवर फोडलं आणि खरं कारण सांडपाणी निघालं, तर पैसा चुकीच्या जागी जाईल आणि काठावरची माणसं आजारी पडतच राहतील.

आपण मोजतो काय?

प्रत्येक रोगजंतू शोधणं परवडत नाही. म्हणून विष्ठेसोबत येणारे कोलिफॉर्म मोजतो. ते ४४.५ अंश सेल्सिअसलाही वाढतात, ही त्यांची ओळख. आंघोळीच्या पाण्यासाठी १०० मिलीमध्ये ५०० एमपीएनपर्यंत असणं चांगलं, २५०० ही कमाल मर्यादा. पण हा आकडा माणूस आणि गाय यांत फरक करत नाही, हे लक्षात ठेवा.

भूवापर कसा जोडायचा?

क्यूजीआयएसमध्ये उंचीच्या नकाशावरून प्रत्येक नमुना-ठिकाणाचा पाणलोट काढायचा. त्यात शेती, वस्ती, जंगल किती टक्के ते मोजायचं आणि जिवाणूंच्या आकड्यांशी ताडून बघायचं. ऐकायला सोपं आहे, पण फसतो आपण इथेच.

कुठे फसतो?

पहिली चूक माझीच. पहिल्या वर्षी मी फक्त कोरड्या दिवसांचे नमुने घेतले. शेतीचा परिणाम जवळपास दिसेचना! गाईडनी एवढंच विचारलं, "पाऊसच नाही, तर शेतातलं शेण नदीत येणार कसं?" वर्ष गेलं. कोरड्या दिवसांत मुख्यतः नाल्यांचं पाणी बोलतं. पावसात शेतं बोलतात, शिवाय तळाच्या गाळात टिकून राहिलेले जिवाणूही ढवळून वर येतात. म्हणून दोन्ही वेळचे नमुने हवेतच.

दुसरी गोष्ट, खालच्या ठिकाणाच्या पाणलोटात वरच्या ठिकाणाचा पाणलोट येतोच. म्हणजे तुमचे दहा नमुने खऱ्या अर्थाने दहा स्वतंत्र नमुने नसतात.

तिसरी, एक आकडा शेकड्यात तर दुसरा लाखात असतो. साधी सरासरी काढू नका, लॉग घेऊन भूमितीय सरासरी काढा.

चौथी, जुन्या पुस्तकांत कोलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकॉकाय यांच्या गुणोत्तरावरून माणूस की जनावर ते ठरवलेलं दिसेल. दोन्ही जिवाणू पाण्यात वेगवेगळ्या वेगाने मरतात, त्यामुळे ते भरवशाचं नाही. आज त्यासाठी बॅक्टेरॉइड्सच्या डीएनए खुणा वापरतात.

नमुने मात्र बर्फाच्या डब्यातच आणा आणि शक्यतो सहा तासांत लावा. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एकदा भर पावसात नदीवर जाऊन या, काठापासून लांब उभे राहून बघा. पाणी कुठून येतंय हे नकाशाआधी तिथेच कळतं.