चालायला सांगितलंय, पण चालायचं कुठे?

मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी. या तिन्ही तक्रारींत औषधांच्या खाली मी एक ओळ हमखास लिहितो : रोज ३० मिनिटे चालणे. कर्जतच्या बाजारपेठेत राहणाऱ्या एका आजींनी ती चिठ्ठी परत माझ्यापुढे सरकवली. "दाराबाहेर मोटारसायकली. त्या चुकवायला रस्त्यावर उतरले की मागून टेम्पो. चालू कुठे, डॉक्टर?" त्यांची साखर वाढली होती आणि तो आळस नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाचा आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालले तरी साखर कमी चढते, कारण हलणारे स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात. ही मिनिटे तुकड्यांत चालतात. भाजी, बँक, स्टेशन पायी केले की बराच हिशेब पुरा होतो. म्हणूनच दारापुढचा रस्ता हा आरोग्याचा प्रश्न आहे.

ओलांडण्याचेच पाहा. ९ मीटर रुंद रस्ता धडधाकट माणूस सात-आठ सेकंदांत पार करतो. गुडघे झिजलेल्या माणसाला अकरा-बारा सेकंद लागतात. दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतील तर त्याला वाहन दिसत नाही आणि चालकाला तो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना फुटलेली फरशी किंवा उघडे गटार जाणवतच नाही. पुढे खुब्याचे हाड मोडते, नाहीतर जखम चिघळते.

पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमणमुक्त पदपथ हा कलम २१ खालचा हक्क मानला. दिव्यांगांनाही ते वापरता यावेत, असे बजावले.

हे आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी माथेरान आपल्याच तालुक्यात आहे. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे पायी, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने. रुग्णवाहिका मात्र आत जाते. (तिथे निमूटपणे गाडी लांब लावणाऱ्याला इथे दुकानाच्या पायरीशीच लावायची असते.) कर्जत किंवा खोपोली माथेरान होणार नाही, व्हायलाही नको, मालाची गाडी, रिक्षा यायलाच हवी. पण मालाची वेळ ठरवणे, एका बाजूलाच पार्किंग, स्टेशनजवळ सशुल्क वाहनतळ एवढे शक्य आहे. पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. २०२१ पासूनचा हा उपक्रम आहे.

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना, खालापुरात नगरपंचायतीला, अर्ज देताना 'रस्ते सुधारा' असे लिहू नका. ठिकाण, वेळ, फोटो आणि नेमकी मागणी द्या. घरातल्या रुग्णाचा त्रास लिहायला लाजू नका. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. पोच घ्या.

तोवर शाळेचे मैदान, देवळाचे आवार किंवा पहाटेचा मोकळा रस्ता धरा. अंधारात फिकट कपडे घाला. इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखर ठेवा. चालताना छातीत दडपण आले तर थांबा आणि मदत मागवा. १०८ लक्षात ठेवा. ठरावीक अंतरानंतर पोटरी दुखून थांबल्यावर उतरत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या.