पोनीटेल पाम : नाव, पाणी आणि धीर



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला कुंडीतल्या झाडावर बोलायला कशाला उभं केलं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. सदाशिव पेठेत प्रश्न चेहऱ्यावर फार वेळ थांबत नाही, तोंडावर येतोच; म्हणून आधीच उत्तर देतो. आमच्या हातून एक झाड मेलं. दुष्काळानं नाही, दुर्लक्षानं नाही, काळजीनं मेलं. ते का मेलं याचा शोध घेताना लक्षात आलं की चूक हातून होण्याच्या आधी विचारात झाली होती. विचारातली चूक दाखवणं हे तर आमचंच काम.

आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात पत्नीनं पोनीटेल पामची दोन रोपं वाढवली होती. वाडा गेला, इमारत झाली, आणि दोन्ही कुंड्या आमच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर आल्या. एक गॅलरीत, एक दिवाणखान्यात. चार वर्षांपूर्वी पत्नी गेली. ती असताना त्या झाडांकडे आम्ही धड पाहिलंही नव्हतं. ती गेल्यावर मात्र रोज सकाळी स्नान झालं की दोन्ही कुंड्यांत एकेक तांब्या पाणी घालायचं, हा नेम धरला. श्रावणात गॅलरीतलं झाड मुळापासून कलंडलं. बुंध्याला बोट लावलं तर ते आत गेलं, आणि आंबूस वास आला.

माळीबुवांना बोलावलं. त्यांनी एकच विचारलं, ‘‘पाम समजून पाणी घालत होता का?’’ आम्ही म्हटलं, ‘‘नावच पाम आहे.’’ ते हसले. तिथून आमचा अभ्यास सुरू झाला.

नावाचा घोटाळा

न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगतात. जिला शिंगं आहेत ती गाय, असं म्हटलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. जी तांबूस ती गाय, म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आणि जिला एकसंध खूर आहे ती गाय, म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता, ज्याला एक खोड आणि डोक्यावर पानांचा झुबका तो पाम, असं आपण मनात धरतो. ही सरळ अतिव्याप्ती आहे. नारळ, सुपारी, ताड, शिंदी हे खरे पाम, एका कुळातले. आपलं हे झाड त्यांच्यातलं नाहीच. ते शतावरीच्या कुळातलं. घायपात आणि घरोघरी दिसणारा स्नेक प्लांट हे त्याचे भाऊबंद.

त्याचं शास्त्रीय नाव बोकार्निया रिकर्व्हाटा, १८६१ सालचं. रिकर्व्हाटा म्हणजे मागे वळलेलं. पानं कारंज्यासारखी वळून खाली येतात म्हणून. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी त्याला नोलिना या प्रजातीत घातलं होतं. आपल्याकडच्या रोपवाटिकांत अजूनही ते ‘नोलिना’ म्हणून मिळतं. इंग्रजीत त्याला हत्तीचा पायही म्हणतात, आणि हे नाव पामपेक्षा कितीतरी खरं आहे, कारण या झाडाचं सगळं रहस्य त्या पायात आहे.

पायात काय आहे?

हे झाड पूर्व मेक्सिकोतलं. तिथे पाऊस ठराविक महिन्यांत पडतो, मग दीर्घ कोरडा काळ, आणि मुळं असतात खडकाळ, उताराच्या जमिनीत. म्हणून त्यानं बुंध्यात पाण्याची टाकी बांधली. पाऊस आला की बुंधा फुगतो. कोरड्या महिन्यांत झाड त्यातलं पाणी पुरवून वापरतं. वरची साल जाड, बुचासारखी, जुन्या झाडावर कासवाच्या पाठीसारखी भेगाळलेली. पानं अरुंद, चिवट, पाणी कमी उडवणारी.

आता अशा झाडाला रोज तांब्याभर पाणी म्हणजे काय? टाकी भरलेलीच आहे, मुळांना पाणी नको आहे. माती सतत ओली राहिल्यानं मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, बुरशी शिरते आणि कूज बुंध्यात चढते. बाहेरून पानं बराच काळ हिरवी राहतात, कारण टाकीतला साठा त्यांना पुरत असतो. झाड आजारी आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

पिवळ्या पानाचा हेत्वाभास

दुसरी चूक अनुमानाची. पान पिवळं दिसलं की आम्ही म्हणायचो, पाणी कमी पडलं. पर्वतावर धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक; तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अशा दोन्हीकडे जाणाऱ्या हेतूला सव्यभिचार म्हणतात. पिवळं पान तसंच आहे. पाणी कमी झालं तरी पिवळं, जास्त झालं तरी पिवळं, आणि खालचं पान म्हातारं झालं तरी पिवळंच. मग निर्णय कशावरून करायचा? बुंध्यावरून. अंगठ्यानं दाबून पाहा. घट्ट आणि गुळगुळीत असेल तर पाणी नको. घट्ट पण किंचित सुरकुतलेला असेल तर तहान आहे, पाणी द्या, काही दिवसांत भरून येईल. मऊ लागला तर कूज आहे. अशा वेळी पाणी म्हणजे विष.

पुण्यात कसं वाढवावं?

आता व्यवहाराचं सांगतो, वहीत लिहून घ्या.

माती : आपल्या भागातली काळी माती पाणी धरून ठेवते, ती नको. एक भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, आणि अर्ध्या भागाहून कमी चांगलं कुजलेलं खत. मूठ आवळून सोडली की मिश्रण सुटलं पाहिजे.

कुंडी : मातीची सर्वांत बरी, तळाला भोक हवंच. बुंध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं जागा पुरे. कुंडी मोठी घेतली तर माती जास्त, ओल जास्त. फुगीर बुंधा मातीच्या वर राहू द्या. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलायची, फेब्रुवारीत. आणि बदलल्यावर आठवडाभर पाणी नाही.

उजेड : घरात असेल तर खिडकीपासून हात-दोन हातांवर. दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते मरत नाही, पण वाढतही नाही. पानं लांबट आणि फिकी होतात. बाहेर काढायचं तर एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवू नका, पानं करपतात. आधी सावली, मग सकाळचं ऊन, असं पंधरा दिवसांत सवयीचं करा. पुण्याची थंडी त्याला काहीच करत नाही.

पाणी : उन्हाळ्यात गॅलरीत आठ-दहा दिवसांनी, घरात पंधरा दिवसांनी. थंडीत तीन आठवड्यांनी. द्यायचं तेव्हा भोकातून निथळेपर्यंत द्या, मग पूर्ण कोरडं होऊ द्या. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून काढून आडोशाला ठेवा. बाहेर राहिली तर वरून पाणी मुळीच नको. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. त्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणजे झाडाबरोबर घरही आजारी.

जमिनीत : बंगला असेल, जागा असेल तर मुरमाड उंचवट्यावर लावा, भिंतीपासून सात-आठ फूट दूर. बुंधा पुढे तीन-चार फूट रुंद होऊ शकतो. मात्र ते पाहायला नातवंडं लागतील.

कीड : पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल, थोडं साबणपाणी, संध्याकाळी फवारा.

श्रोत्यांचे प्रश्न

*शेंडा मोडला तर झाड गेलं का?*

नारळ गेला असता. हे पाम नाही, हे इथे पुन्हा सिद्ध होतं. जखमेखालून दोन-तीन नवे फुटवे येतात.

*घरात मांजर आहे, पानं खाते.*

झाड विषारी नाही. पानांच्या कडा मात्र खरबरीत असतात, लहान मुलांची बोटं सांभाळा.

*कुजलेलं झाड वाचतं का?*

कूज एका बाजूला असेल तर प्रयत्न करा. झाड उपटा, स्वच्छ सुरीनं घट्ट गर लागेपर्यंत कापा, बुरशीनाशक पावडर लावा, सावलीत आठवडाभर सुकवा, मग कोरड्या वाळूमातीत बसवा. बुंधा सगळीकडून मऊ असेल तर नाही. आमच्या गॅलरीतल्या झाडाचा बुंधा सगळीकडून मऊ होता.

*मेक्सिकोतून मोठं झाड आणता येईल का?*

आणू नये. तिथल्या रानातून झाडं आणि बिया इतक्या उचलल्या गेल्या की ही सगळी प्रजाती २०१६ साली ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावी लागली. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं वीतभर रोप घ्या.

*आणि दुसरं झाड?*

आहे. दिवाणखान्यात होतं, त्याच्या मातीत विटांचा चुरा जास्त निघाला. ती कालवण पत्नीनं केलेली होती. पाणी वाहून जाईल अशी तजवीज तिनं आधीच करून ठेवली होती, आमच्या तांब्यालाही ती पुरून उरली. रोज काहीतरी केलं पाहिजे ही गरज आमची होती, झाडाची नव्हती. आता सकाळी कुंडीपाशी जातो, बुंधा दाबून पाहतो. बहुतेक दिवशी तांब्या भरलेलाच परत येतो. मग ते पाणी आम्ही तुळशीला घालतो. तिला रोज लागतं.